परसातल्या झोक्याखाली काय टाकावं? काळ्या मातीतल्या घरांसाठी वाळू, ढलप्या, रबर आणि गवताचा हिशेब

लातूर असो की नांदेड, शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की कितीतरी घरांच्या मागच्या जागेत झोका उभा राहतो. कधी वेल्डिंगच्या दुकानातून पाइप जोडून करून घेतलेला, कधी ऑनलाइन मागवलेला, शेजारी घसरगुंडी असलेला. रंग कोणता, साखळी की दोर, बसायला फळी की टायर, यावर घरात भरपूर चर्चा होते. खाली काय असावं, यावर मात्र सहसा होत नाही. खाली जमीन आहेच, असं सगळे धरून चालतात.

झोका तुटेल ही भीती प्रत्येक आईबापाला असते. प्रत्यक्षात बऱ्याचदा झोका शाबूत असतो आणि मूल पडतं. हात सुटतो, भावंडानं जरा जास्त जोरात ढकललेलं असतं, किंवा चालत्या झोक्यावरून उडी मारायची पैज लागलेली असते. मैदानी खेळण्यांवरून होणाऱ्या दुखापतींमध्ये पडणं हे सगळ्यात मोठं कारण आहे, असं अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सांगतो. पडल्यावर खरचटतं, हात मोडतो की डोक्याला मार बसतो, हे बरंचसं खालच्या थरावर ठरतं.

पंचमीचा झोका आणि सुट्टीतला झोका

मराठवाड्याला झोका नवा नाही. श्रावणातल्या नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी लिंबाच्या, वडाच्या फांदीला चऱ्हाट बांधून झोका खेळतात. मोठ्या बायका उभ्यानं झोका चढवतात, तोही चांगला उंच. मग तेव्हा खाली काही टाकलेलं नसायचं, तर आताच एवढी काळजी का?

यातला एक फरक सहज लक्षात येत नाही. पंचमी येते श्रावणात. तोवर मृगापासूनचा पाऊस मातीत मुरलेला असतो आणि काळी माती ओली, लोण्यासारखी मऊ असते. तीच माती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पोरं दिवसभर झोक्यावर असतात तेव्हा, विटेसारखी टणक होते. माती एकच, पण एका ऋतूत तिच्यावर पडलं तर चिखल लागतो, दुसऱ्या ऋतूत हाड मोडतं. (पंचमीला पडून कोणाला लागलंच नाही असा याचा अर्थ नव्हे. लागायचं, आणि त्याची नोंद कुठे होत नव्हती.)

दख्खनच्या लाव्हा खडकाची झीज होऊन ही काळी माती तयार झाली. तिच्यात पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको, घर बांधणाऱ्यालाही नको. पाया घेताना काळी माती काढून मुरूम भरायचा, हे गवंडी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. परसातल्या झोक्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट विसरली जाते. तिथे माती काढून काही मऊ भरायचं ठरवलं, तरी हीच माती पावसाळ्यात पुन्हा आडवी येते. ते पुढे येईलच.

पडताना नेमकं काय होतं?

सहा-साडेसहा फुटांवरून, म्हणजे सुमारे २ मीटरवरून पडणारं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. जवळपास गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरचा वेग. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, त्यावर धक्का ठरतो.

हिशेब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतरानं भागायचं. शहाबादी फरशी दबतच नाही, त्यामुळे शरीर सेंटिमीटरभरात थांबतं. २०० सेंटिमीटर भागिले १ म्हणजे सरासरी २०० पट गुरुत्वाकर्षणाचा धक्का. तेच शरीर वाळूत किंवा ढलप्यांत १० सेंटिमीटर रुतत थांबलं, तर धक्का सरासरी २० पटीवर येतो. उंची तीच, मूल तेच, फरक फक्त त्या नऊ सेंटिमीटरचा. खेळाच्या मैदानांचे पृष्ठभाग तपासणाऱ्या चाचण्यांमध्येही डोक्यासारखा गोळा वरून सोडून धक्का मोजतात. तो कोणत्याही क्षणी २०० पटींच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा आहे.

म्हणून पायाला मऊ वाटतं ते डोक्याला मऊ असेलच असं नाही. चप्पल काढून चाललं की पातळ रबरी चटई छान मऊ लागते, पण अर्ध्या इंचाच्या चटईत थांबायला अर्धा इंचसुद्धा मिळत नाही.

जे चालत नाही, ते आधी

फरशी, सिमेंटचा कोबा आणि पेव्हर ब्लॉक यांवर झोका उभा करूच नये. जागा फक्त पार्किंगचीच असेल तर झोका बागेत किंवा शाळेच्या मैदानावर खेळू द्यावा. हे ऐकायला कठोर वाटतं, पण फरशीवर गादी टाकून ही अडचण सुटत नाही. गादी सरकते, आणि मूल गादीच्या जागीच पडेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

शेणानं सारवलेलं अंगण दिसायला मायेचं असतं, त्यावर धूळ उडत नाही. पण सारवण हा पातळ पापुद्रा आहे, खाली चोपून बसवलेली माती असते. मुरमाचंही तेच. मुरूम टाकतात तोच मुळी दबून घट्ट बसावा म्हणून. रस्त्याखाली जे शोभतं ते झोक्याखाली नको. क्रशरवरची डस्ट आणि क्रश सँड यांचे कण टोकदार असतात, त्यात बारीक पूड असते आणि पाणी पडलं की ती सिमेंटसारखी बसते. काळ्या दगडाची खडी तर खरचटण्याची हमीच देते.

गवताचा मोह सगळ्यांनाच होतो. हिरवळ फोटोत चांगली दिसते. युरोपातले नियम नीट राखलेल्या हिरवळीला साधारण १ मीटर उंचीपर्यंत चालवून घेतात, अमेरिकी पुस्तिका तर गवत आणि मोकळी माती यांना संरक्षक थर मानतच नाही. कारण साधं आहे. झोक्याखाली पाय घासून घासून पहिल्या पंधरा दिवसांत हराळी निघून जाते आणि उरते टणक माती, तीही खोलगट. पुन्हा पाण्याचा प्रश्न आहेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला द्यावं लागलं होतं. त्या 'जलदूत' गाडीच्या पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. ज्या गावानं हे पाहिलं, तिथे झोक्याखालचं गवत मे महिन्यात हिरवं ठेवायचा सल्ला देणं धाडसाचं आहे.

कृत्रिम गवताला पाणी लागत नाही, पण ते गवताच्या आकाराचं प्लॅस्टिक आहे. खाली धक्का शोषणारा जाड थर नसेल तर ते फरशीवर अंथरलेली सतरंजीच. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात ते तापतं.

रबर: चांगलं, पण दुपारी नाही

महागड्या सोसायट्यांच्या बागांमध्ये रंगीत रबरी टाइल दिसतात. त्या कामाच्या असतात, मात्र जाडी पुरेशी हवी आणि किती उंचीच्या पडण्यासाठी त्या तपासल्या आहेत, हे विक्रेत्यानं कागदावर दाखवायला हवं. 'किड्स मॅट' नावानं मिळणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या चौकटी घरात रांगणाऱ्या बाळासाठी आहेत, झोक्यासाठी नाहीत.

रबराची मोठी अडचण ऊन. नांदेड-लातूरला मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. सावली नसलेल्या जागी गडद रबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि अनवाणी पोराचे पाय भाजतात. लहान मुलाला पाय उचलून बाजूला व्हायचंही पटकन सुचत नाही. वर लिंबाची दाट सावली असेल तर रबराचा विचार करावा, नसेल तर नको. टायरचा चुरा स्वस्तात मिळाला तरी त्यात पोलादी तारेचे तुकडे नाहीत ना, हे चुंबक फिरवून बघावं.

वाळू: ओळखीची, हाताशी, पण अटी लागू

बहुतेक घरांसाठी निवड शेवटी वाळू आणि लाकडाच्या ढलप्या या दोघांतच होते.

वाळूचा फायदा असा की ती जाळता येत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही आणि पोरांना खेळायला आणखी एक गोष्ट मिळते. नांदेडला गोदावरीची, लातूर भागात मांजरेची वाळू बांधकामवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली. पण बांधकामाला चालणारी प्रत्येक वाळू झोक्याखाली चालत नाही. इथे गोल कणांची, धुतलेली, माती नसलेली वाळू लागते. मातीमिश्रित वाळू एका पावसात घट्ट बसते, आणि मग ती वाळू राहत नाही.

तपासायची रीत गवंड्यांना माहीत आहे. काचेच्या बरणीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवायचं आणि काही तास ठेवून द्यायचं. वाळू खाली बसते, गाळाचा थर वर बसतो. तो थर डोळ्यांत भरण्याइतका जाड असेल तर ती वाळू परत पाठवावी. त्यानंतर चाळणीतून मोठे गोटे, शिंपले, काचा वेगळ्या काढायच्या. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद असतो, म्हणून घ्यायची असेल तर उन्हाळ्यातच घ्यावी. वाहतुकीचा पास मागायला लाजू नये. पोरांच्या झोक्यापायी चोरीची वाळू दारात उतरवण्यात काही शहाणपणा नाही.

किती जाड? इथे दोन देशांचे दोन हिशेब आहेत, आणि दोन्ही कळले तर निर्णय सोपा होतो. अमेरिकी पुस्तिका झोक्याची 'पडण्याची उंची' थेट वरच्या दांड्यापासून, म्हणजे साखळी जिथे अडकवली आहे तिथून मोजते. त्या हिशेबानं दबल्यानंतरची ९ इंच वाळू फक्त ४ फुटांपर्यंत पुरते. लहान मुलांच्या झोक्याचा दांडासुद्धा सहसा त्याहून उंच असतो. युरोपीय नियम वेगळं मोजतात. झोका ६० अंशांपर्यंत वर गेला असं धरून तिथून फळीची उंची घेतात. ६ फूट उंच दांडा, फळी जमिनीपासून दीड फूट, म्हणजे साखळी साडेचार फूट. तिची निम्मी सव्वादोन, त्यात दीड मिळवला की पावणेचार फूट, सव्वा मीटरच्याही आत. बारीक गोल वाळूचा २० सेंटिमीटर थर आणि पायानं उडून जाईल म्हणून वर आणखी १० सेंटिमीटर, असा एकूण एक फूट थर युरोपात २ मीटर उंचीपर्यंत चालतो.

कोणाचं ऐकायचं? मूल फळीवर बसूनच झोका घेत असेल तर युरोपीय हिशेब वास्तवाला धरून आहे. पण मराठवाड्यातलं पोर झोक्यावर उभं राहतं, दांड्यावर चढतं, साखळीला लोंबकळतं. त्याला 'असं करू नको' सांगून फार काही होत नाही. म्हणून सहा फुटांच्या वरचा झोका असेल तर वाळूवर विसंबू नये. सहा फूट किंवा कमी असेल तर फूटभर चांगली वाळू हा रास्त तोडगा आहे.

ढलप्या: धक्का सर्वात चांगला शोषतात

अमेरिकी तक्त्यात लाकडाच्या ढलप्यांचा दबलेला ९ इंच थर १० फुटांपर्यंत पुरतो असं म्हटलंय. वाळूच्या अडीचपट. ढलप्या एकमेकींवर आडव्यातिडव्या बसतात, मध्ये हवा राहते आणि पडणारं शरीर हळूहळू आत रुततं.

ढलपी म्हणजे भुसा नव्हे, हे इथे ठळकपणे सांगायला हवं. सॉ मिलवर भुसा ढिगानं मिळतो, म्हणून तोच भरण्याची कल्पना अनेकांना सुचते. भुसा वाऱ्यानं डोळ्यांत जातो, पावसात त्याचा लगदा होतो आणि वाळल्यावर थर धरतो. हव्यात बोटाच्या पेराएवढ्या, कडा बोथट झालेल्या चिपा. लिंब, सुबाभूळ, निलगिरी चालेल. बाभूळ-बोरीच्या फांद्या काट्यांमुळे नकोत. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या दारं-खिडक्यांचा चुरा अजिबात नको. त्यात रंग, चिकटद्रव्य आणि खिळे असतात.

अडचण मिळण्याची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, रस्त्याकडेला ढीग पडतात, पण त्यांच्या ढलप्या करायला फांद्या चिरडणारं यंत्र लागतं. साध्या कडबाकुट्टीवर जाड फांदी घालू नये, पातं जातं आणि हातही जाऊ शकतो. रोपवाटिका आणि बागकामाचे ठेकेदार झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून ढलप्या वापरतात, त्यांच्याकडे विचारणा करावी.

मग शेतातलं काय चालेल? लातूर हा तूर आणि सोयाबीनचा पट्टा, तिथे काडीकचऱ्याला तोटा नाही. पण तुराट्या आणि पऱ्हाट्या मोडल्या की त्यांची टोकं भाल्यासारखी होतात. सोयाबीनची गुळी पहिल्या पावसात कुजते, त्यात किडे होतात. उसाचं पाचट तात्पुरतं मऊ वाटतं, पण त्याच्या कडा कापतात आणि काडी पडली तर भडकतं. साखर कारखान्यातला चोथा तर घरात आणूच नये. त्याची साठलेली धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याचं वैद्यकशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे.

ढलप्यांना वाळवीचा, म्हणजे इकडच्या भाषेत उधईचा, धोका आहे. पोरं खेळतात तिथे वाळवीचं औषध फवारू नये. त्याऐवजी घराच्या भिंतीपासून थर दूर ठेवावा आणि दोन-एक वर्षांनी खालचा काळा पडलेला माल काढून झाडांना घालावा, वर नवा भरावा.

खड्डा की ओटा?

बहुतेक जण इथेच चुकतात. इंटरनेटवरच्या व्हिडिओत खड्डा खणून वाळू भरतात. कोकणातल्या किंवा वाळवट जमिनीत ते ठीक. काळ्या मातीत फूटभर खड्डा खणला की तो जूनमध्ये हौद होतो. चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. वाळू चार महिने पाण्यात, ढलप्या कुजलेल्या, वर डासांची पैदास. शिवाय बाजूची माती फुगून आत घुसते आणि वाळूत मिसळते.

काळी जमीन असेल तर खाली खणण्यापेक्षा वर भरावं. वरची सैल माती चार-सहा इंच काढून जागा एका बाजूला उतरती करायची, त्यावर मुरमाचा पातळ थर चोपून घ्यायचा. मुरूम इथे, सगळ्यात खाली, आपल्या खऱ्या कामाला येतो. त्यावर पाणी झिरपेल असं कापड. शेडनेटची दुहेरी घडी किंवा उसवलेली विणीची खतपोती स्वच्छ धुऊन चालतात. प्लॅस्टिकचा कागद नको, तो पाणी अडवतो. कापडामुळे वाळू खाली जात नाही आणि माती वर येत नाही. मग वाळू किंवा ढलप्या. उताराच्या टोकाला हातभर रुंद चर काढून त्यात गोटे भरले की पाणी तिकडून निघतं.

कडेला थर अडवायला काहीतरी लागतं. विटा किंवा दगड उभे लावायची सवय आहे, पण तेच पडणाऱ्या पोराच्या डोक्याला लागतात. जमिनीत अर्धे पुरलेले जुने टायर किंवा कडा गोल केलेले लाकडी ओंडके बरे, तेही झोक्यापासून शक्य तितक्या लांब.

खांबांचं सिमेंटही थराच्या खाली गाडलेलं हवं. वर आलेला सिमेंटचा गोळा हा पोरांसाठी दगडच. काळी माती फुगते-आकसते तसे उथळ पुरलेले खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतात, म्हणून खड्डा खालचा मुरूम लागेपर्यंत न्यावा.

जागा किती, ब्रास किती?

एवढं वाचून अनेकांना वाटेल, झोक्याखाली एक ट्रॉली टाकली की झालं. हिशेब करून बघू.

झोक्याच्या पुढे आणि मागे प्रत्येकी दांड्याच्या उंचीच्या दुप्पट, आणि दोन्ही बाजूंना ६ फूट, एवढ्या जागेत मऊ थर असावा, असा अमेरिकी नियम आहे. झोक्यावरून मूल सरळ खाली पडत नाही, पुढे फेकलं जातं, त्यामुळे हे अंतर. ६ फूट उंच आणि ६ फूट रुंद, एकाच फळीचा झोका घेतला तर लांबी १२ अधिक १२ म्हणजे २४ फूट, रुंदी ६ अधिक ६ अधिक ६ म्हणजे १८ फूट. एकूण ४३२ चौरस फूट. फूटभर थराला ४३२ घनफूट, म्हणजे साधारण सव्वाचार ब्रास. आता झोका ८ फूट उंच आणि ८ फूट रुंद करू. ३२ गुणिले २०, म्हणजे ६४० चौरस फूट, जवळपास साडेसहा ब्रास. उंची दोनच फूट वाढली आणि खर्च दीडपट झाला.

तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधून मागे जेमतेम दहा-बारा फूट उरतात. तिथे सहा फुटांचाही झोका नियमानं बसत नाही. म्हणूनच या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त उपाय वाळू नाही, ढलपी नाही, झोक्याची उंची कमी करणं हा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी चहूबाजूंनी बंद असलेली बादलीसारखी बैठक आणि पाच फुटांचा दांडा घेतला, तर पुढचं-मागचं अंतर दांड्यापासून बैठकीपर्यंतच्या उंचीच्या दुप्पट धरतात. बैठक दीड फुटावर असेल तर पुढे ७, मागे ७ फूट. हे मात्र पुष्कळ परसांत बसतं. समोर संडासाची भिंत, पाण्याची टाकी किंवा कुंपणाची तार येत असेल तर झोक्याची दिशा फिरवावी. पुढे-मागे मोकळं हवं, बाजूला थोडं कमी चालेल.

एका चौकटीत दोनपेक्षा जास्त झोके अडकवू नयेत. बसायची फळी रबरी किंवा जाड कापडी असावी. लोखंडी किंवा लाकडी फळी रिकामी परत येऊन मागे उभ्या असलेल्या धाकट्याच्या तोंडावर बसते, आणि तिथे खालची वाळू काही करू शकत नाही.

भरल्यानंतरचं काम

सैल थर पहिल्या काही महिन्यांत सुमारे चतुर्थांश दबतो. ९ इंच हवा असेल तर १२ इंच भरायचा, तो याचसाठी. खांबावर रंगानं रेघ मारून ठेवली की थर कुठवर असायला हवा हे लहान मुलालाही दिसतं. झोक्याच्या बरोबर खाली पाय घासून खळगा होतो आणि नेमका तिथेच थर पातळ होतो. दर दोन-चार दिवसांनी दाताळ्यानं माल ओढून घ्यावा, किंवा त्या जागी वाळूत दबवून एक जाड रबरी तुकडा ठेवावा. पावसानंतर वाळू घट्ट बसली असेल तर खुरप्यानं उकरून, वाळवून मगच पोरांना सोडावं.

मांजरींना वाळू फार आवडते. त्यांच्या आणि कुत्र्यांच्या विष्ठेतून जंत पोरांच्या पोटात जातात. रात्री ताडपत्री अंथरावी आणि कडेला वजन ठेवावं. मात्र ताडपत्री सकाळी एकदम हातानं उचलू नये. गारव्याला विंचू खाली येऊन बसतो, ढलप्यांच्या ढिगात साप-विंचवाला आसरा मिळतो. काठीनं ताडपत्री उलटायची, दाताळं फिरवायचं, मग मुलांना हाक मारायची. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. त्यात घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

डोक्यावर पडलेल्या मुलाच्या बाबतीतही तसंच. खाली वाळू होती म्हणून निश्चिंत राहू नये. क्षणभर जरी शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, मूल पेंगू लागलं, ओळखीचं बोलणं विसरलं किंवा कानानाकातून पाणी-रक्त आलं तर लगेच रुग्णालयात न्यावं. मान हलवून बघू नये.

आणि श्रावणात लिंबाच्या फांदीला पंचमीचा झोका बांधला जाईल, तेव्हाही खाली एकदा नजर टाकावी. अंगणात आता पेव्हर ब्लॉक आले असतील, तर तो लिंब झोक्यासाठी पूर्वीचा राहिलेला नाही. चऱ्हाट घेऊन शेतातल्या झाडाकडे गेलेलं बरं.